सुटी लागली, आता काय? : विशेष गरजा असलेल्या चिमुकल्यांच्या पालकांसाठी



स्मरणिकेत दरवर्षी एक आरोग्यविषयक लेख असतो आणि तो बहुधा माझ्या वाट्याला येतो. आजवर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असे विषय झाले. ते घरोघरचे विषय. या वर्षीचा विषय थोड्याच घरांचा आहे; पण ज्यांच्या घरचा आहे, त्यांना त्याबद्दल चारचौघांत बोलणे जड जाते. म्हणून मुद्दाम तोच घेतला. विषय आहे तीन ते सहा वर्षांची, विशेष गरजा असलेली मुले आणि त्यांची शाळेची सुटी.

सुरुवातीलाच सांगते, मी बालविकासतज्ज्ञ नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि गेली वीस वर्षे मुसफ्फात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. शाबियातल्या कुटुंबांचे ताप, खोकले, पोटदुखी बघणे हे माझे रोजचे काम. ज्या घरी असे मूल असते, तिथे मूल थेरपीसाठी तज्ज्ञांकडे जाते. पण त्याची आई मन मोकळे करायला येते ती फॅमिली डॉक्टरकडे. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे, त्यातले थोडे पुस्तकातले आहे आणि बरेचसे या आयांनी मला शिकवलेले आहे.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. चार वर्षांचा मुलगा, स्वमग्न, म्हणजे ज्याला आपण ऑटिझम म्हणतो तो. तोंडात एकही शब्द नाही. आठवड्यातून तीनदा थेरपीला जायचा. जूनच्या शेवटी आई आली आणि म्हणाली, “डॉक्टर, शाळा बंद, थेरपिस्ट मॅडम केरळला चालल्या. दोन महिने मी काय करू?”

मी त्या रात्री बसून, पुस्तके चाळून एक तक्ता तयार केला. सकाळी साडेसातपासून रात्री आठपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचा. एकूण बावीस व्यायाम आणि खेळ. छापून, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिला. खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान वाटला होता.

सप्टेंबरमध्ये ती परत आली. फोल्डर होता तसाच कोरा करकरीत. म्हणाली, “पहिले तीन दिवस जमले. मग एक चुकले की पुढचे सगळे चुकायचे. रोज रात्री तो कागद बघून रडायचे. शेवटी कपाटात ठेवून दिला.” आणि जाता जाता हळूच म्हणाली, “डॉक्टर, मला थोडी आई राहू द्या हो.”

त्या एका वाक्याने मला जे शिकवले, तेच आज सांगायचे आहे. सुटीत घराचे थेरपी सेंटर करायचे नसते. घर घरच राहू द्यायचे आणि घरात रोज जे घडते, त्यातच मुलाला सामील करून घ्यायचे. एवढे झाले तरी सुटी वाया जात नाही.

इकडची सुटी, तिकडचा पावसाळा

आखातातल्या सुटीचे काही प्रश्न खास आपलेच आहेत. महाराष्ट्रात उन्हाळ्याची सुटी जूनच्या मध्यावर संपते. आपली जुलै-ऑगस्टमध्ये येते. बाहेर एवढे ऊन आणि दमट हवा, की उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांनाही १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती असते. मग दोन खोल्यांच्या घरात लहान मुलाला दिवसभर कसे गुंतवायचे? ज्यांना जमते ते गावी जातात. पण तिथे चुलत-मावस भावंडांची शाळा सुरू झालेली, बाहेर धो धो पाऊस. त्यातून बहुतेक घरांत आई-मूल गावी आणि बाबा इकडे नोकरीवर.

साध्या मुलाला याचा कंटाळा येतो. विशेष गरजा असलेल्या मुलाचे मात्र नुकसान होऊ शकते. अशा मुलाने कष्टाने मिळवलेली गोष्ट, म्हणजे चमचा धरणे, लघवीची खूण करणे, नावाने हाक मारली की वळून बघणे, सराव सुटला की मागे पडते. ठरलेला दिनक्रम मोडला की काही मुलांची झोप जाते, चिडचिड वाढते. आणि तीन ते सहा ही मेंदूच्या झपाट्याने वाढीची वर्षे. त्यातले दोन महिने थोडे नाहीत.

कामातच धडा

ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचे गाव आहे. १९६९ साली तिथे एक प्रयोग सुरू झाला. ग्रामीण भागातल्या, दूर दूर पसरलेल्या घरांमधल्या अपंग बालकांना रोज केंद्रावर आणणे शक्य नव्हते. म्हणून शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जाई. ती मुलाला शिकवण्यापेक्षा आईला शिकवी, आणि तेही एका आठवड्यात जमेल एवढेच छोटेसे काम देऊन येई. पुढे ‘पोर्टेज’ ही पद्धत अनेक देशांत पोहोचली.

आपल्याकडे तर याच्याही आधी ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत उभ्या राहिल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, हा त्यांचा विचार. खडे, शिंपले, पाने, बिया हीच खेळणी. ती मुले अपंग नव्हती, पण तत्त्व तेच आहे. शाळा मुलाच्या अंगणात जाऊ शकते, आणि त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही.

तेव्हा पालकहो, सुटी लागण्याआधी थेरपिस्टला एवढेच विचारा : “या सुटीत कोणत्या दोन किंवा तीन गोष्टी टिकवायच्या, आणि त्या घरातल्या कोणत्या कामात बसतील?” बावीस नको, तीनच. मग दिवसातल्या तीन ठरलेल्या वेळा निवडा. आंघोळ, जेवण आणि झोपण्याआधीची वेळ या सर्वांत सोयीच्या, कारण त्या कोणत्याही घरात, कोणत्याही देशात रोज येतातच.

आंघोळीच्या वेळी : अंगाच्या भागांची नावे, “वर-खाली”, “गरम-गार”. तांब्या स्वतः धरू द्या. ओला पंचा पिळायला द्या. बोटांची ताकद वाढायला याहून चांगला व्यायाम नाही. कपडे घालताना शेवटची पायरी मुलावर सोडा. म्हणजे सदरा डोक्यातून तुम्ही घाला, खाली त्याला ओढू द्या. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला मिळतो. ते जमले की त्याआधीची पायरीही त्याच्यावर सोपवा.

स्वयंपाकघरात : कणकेचा छोटा गोळा मळायला द्या. भाजीच्या पिशवीतले बटाटे एका टोपलीत, कांदे दुसऱ्या टोपलीत. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणे. जेवायला बसण्याआधी प्रत्येकाच्या पुढे पेला ठेवणे.

झोपताना : तेच एक अंगाईगीत, तेच एक चित्रांचे पुस्तक, तोच क्रम. रोज नवीन काही देण्याची गरज नाही. या मुलांना पुनरावृत्तीतूनच शिकता येते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थांबा. प्रश्न विचारल्यावर किंवा काम सांगितल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आपण मोठी माणसे घाई करतो आणि मुलाच्या वाटणीचे उत्तर आपणच देऊन टाकतो.

मुलागणिक थोडे वेगळे

स्वमग्न मूल : पुढे काय होणार हे कळले की ते शांत राहते. दिवसाची चार-पाच चित्रे (दात घासणे, नाश्ता, खेळ, आंघोळ, झोप) ओळीने भिंतीवर लावा. काम झाले की ते चित्र काढून ठेवा. हीच पट्टी गावी घेऊन जा. घर बदलले तरी पट्टी तीच राहील.

सेरेब्रल पाल्सी असलेले मूल : बसण्याची पद्धत आधी, बाकी नंतर. पाठीला आधार, पाय टेकलेले, मान सरळ. आडवे निजवून कधीही भरवू नका. घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. पायात घालायचे स्प्लिंट गावी गेल्यावर “सुटीत कशाला” म्हणून काढून ठेवू नका. स्नायू आखडतात आणि मग महिनोन् महिन्यांची मेहनत जाते.

डाउन सिंड्रोम असलेले मूल : ही मुले बघून आणि नक्कल करून छान शिकतात, म्हणून भावंडांची सोबत त्यांना फार उपयोगी. मात्र काही मुलांच्या मानेचे मणके सैल असतात. कोलांट्या, उड्या, मान वाकवण्याचे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. थायरॉइडची तपासणी राहिली असेल तर ती करून घ्यायला सुटी चांगली.

कमी ऐकू येणारे मूल : श्रवणयंत्र जागेपणी सतत लावलेले हवे, सुटीतसुद्धा. घाम आणि कोकणातला पाऊस ही यंत्राला सारखीच घातक. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा. जादा बॅटऱ्या बरोबर घ्या. बोलताना मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला येऊन बोला.

“मराठी बंद करा” हा सल्ला

मूल उशिरा बोलते आहे असे दिसले की कोणीतरी सांगतेच, “घरी तीन भाषा आहेत ना, म्हणून गोंधळ होतो. आता फक्त इंग्रजी बोला.” हा सल्ला मनापासून दिलेला असतो, पण बरोबर नाही. दोन भाषा कानावर पडल्यामुळे मुलाला स्वमग्नता येत नाही किंवा बोलण्यातली अडचण निर्माण होत नाही, हे आजवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. स्वमग्न आणि डाउन सिंड्रोम असलेली मुलेही दोन भाषांच्या घरात वाढू शकतात.

शिवाय विचार करा. ज्या भाषेत आपल्याला रागावता येते, लाड करता येतात, गाणी म्हणता येतात, ती सोडून आपण मोडक्यातोडक्या इंग्रजीत “कम हिअर, सिट डाउन” एवढेच बोलू लागलो, तर मुलाच्या कानावर एकूण बोलणेच कमी पडते. आजी-आजोबांशी असलेला धागा तुटतो तो वेगळाच. म्हणून सुटीत निर्धास्तपणे मराठी बोला. शाळेची भाषा शाळा सांभाळेल.

यालाच जोडून आणखी एक. “मुलगे उशिराच बोलतात”, “त्याचा काकाही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता” असे सांगून तपासणी लांबवू नका. वर्षाचे मूल हातवारे करत नसेल, दीड वर्षापर्यंत बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, तर दाखवून घ्या. आणि आधी येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात येईनाशी झाली, तर सुटी संपण्याची वाट न बघता दाखवा.

पडदा, झोप आणि ऊन

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन दिले आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसवू नये, कमी असेल तितके चांगले. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसात एकूण तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास झोप हवी. अपंग मुलांनाही ते त्यांच्या परीने लागू आहे. मला माहीत आहे, स्वयंपाक करताना मोबाइल हातात दिला नाही तर पोळ्या होत नाहीत. अपराधी वाटून घेऊ नका. पण मोबाइल जेवणाच्या ताटाजवळ आणि अंथरुणात नको, एवढे दोन नियम पाळा. इकडे असलेल्या बाबांनी रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर एक गाणे म्हणायचे किंवा एक लपाछपी खेळायची, याला मी पडद्यात धरत नाही.

हालचालीसाठी इथे सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतरची वेळ घ्या. दुपारी मॉलच्या मोकळ्या भागात चालणेही चालते. सकाळी दुकाने उघडता उघडता गेलात तर गर्दी आणि गोंगाट कमी असतो. फिट्सच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ टोपिरामेटने, घाम कमी येतो आणि अंग तापते. अशा मुलांना उन्हात विशेष जपा. आणि “दोन मिनिटांत येते” म्हणून गाडीत मूल ठेवून जाणे, हे कोणत्याही मुलाबाबत कधीही नको.

स्वमग्न मुले काही वेळा न सांगता निघून जातात. इथे बाल्कनी आणि खिडक्या, गावी विहीर, ओढा आणि रस्ता यांकडे पहिल्याच दिवशी लक्ष द्या. मुलाच्या खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेले कार्ड असू द्या.

गावी जाताना

औषधे : सर्व औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. फिट्सची औषधे एक दिवसही चुकवू नका. गावी दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली तर डॉक्टरांना विचारून घ्या. फिट्सवरची काही औषधे इथे नियंत्रित यादीत आहेत आणि ती परत येताना आणायची तर आधी परवानगी काढावी लागते. निघण्यापूर्वीच चौकशी करा.

विमान : विमान कंपनीला किमान दोन दिवस आधी कळवा, म्हणजे मदत मिळते. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलाची हिरवी गळपट्टी सुरू झाली. “याची अडचण वरून दिसत नाही, थोडे सांभाळून घ्या” असा तिचा अर्थ. आता ती जगातल्या बऱ्याच विमानतळांवर ओळखली जाते.

फिट आली तर : मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. दातांमध्ये चमचा घालू नका, तोंडात पाणी घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही, उलट वेळ जातो. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एकापाठोपाठ आली, तर महाराष्ट्रात १०८ आणि इथे ९९८ वर रुग्णवाहिका बोलवा. घरातल्या आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवा.

बालवाडी : गावी पावसाळ्यात अंगणवाडी आणि बालवाडी सुरू असते. ताईंना भेटून, सकाळी तासभर मुलाला घेऊन बसू देतील का ते विचारा. भारत सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला. अशा मुलांना लवकर ओळखावे आणि बाकीच्या मुलांबरोबरच सामावून घ्यावे, हाच त्याचा हेतू आहे. त्यामुळे विचारण्यात संकोच नको.

नातेवाईक : हा सर्वांत अवघड भाग. “याला काय झाले आहे?” हा प्रश्न येणारच. दोन वाक्यांचे उत्तर आधीच ठरवून ठेवा. “त्याला बोलायला उशीर लागतो. तो ऐकतो आणि समजतो, तुम्ही त्याच्याशी नेहमीसारखेच बोला.” एवढे पुरते. ज्यांना याहून जास्त हवे असते, त्यांना बहुतेक वेळा मदत करायची नसते. अंगारे-धुपारे, हमखास गुण येणारी जडीबुटी असे सल्ले आले तर हात जोडून ‘बघतो’ म्हणा. पण चालू औषध बंद करू नका. नाव-गाव माहीत नसलेल्या पुड्यांमध्ये शिसे किंवा पारा असण्याचा धोका असतो.

पितळेचे पेले

आता त्या मुलाची पुढची गोष्ट. हे कुटुंब लोक काय म्हणतील या भीतीने दोन वर्षे गावी गेलेच नव्हते. त्या आईला मी पुढच्या सुटीत तक्ता दिला नाही. आम्ही दोघींनी मिळून तीनच कामे ठरवली आणि त्यातले एक होते जेवताना पेले मांडणे. मी म्हटले, “या वेळी गावी जाऊन या. आजीला मुलगा दाखवा.”

ती सातारा जिल्ह्यातल्या सासरी सहा आठवडे राहिली. पहिले चार-पाच दिवस फार अवघड गेले. मुलगा रडायचा, आजी-आजोबा गप्प. मग एक दिवस आजी सूनबाईंना म्हणाली, “अगं, पेले मांडायचंच काम आहे ना त्याचं? मग माझ्याकडे दे त्याला.” आजीकडे पितळेचे पेले होते. रोज दोन वेळा ती त्याच्या हातात एकेक पेला द्यायची, ज्याचा तो त्याचे नाव घ्यायची आणि थांबायची. तिला कोणी शिकवले नव्हते, पण ती थांबायची. दहा-बारा दिवसांनी तो आपणहून पेला नेऊन आजोबांपुढे ठेवू लागला. आणि परतायच्या आदल्या आठवड्यात, एका दुपारी पेला रिकामा होता म्हणून त्याने आजीकडे बघितले आणि पाण्याच्या कळशीकडे बोट दाखवले.

शब्द आला नाही. अजूनही तो फार बोलत नाही. पण बोट आले. बोट दाखवणे म्हणजे ‘मला हवे आहे आणि तू बघ’ असे दुसऱ्या माणसाला सांगणे. बोलण्याच्या आधीची ही मोठी पायरी असते, आणि त्याच्या बाबतीत त्याआधी वर्षभर आम्ही सगळे तिची वाट बघत होतो. हे केवळ पेल्यांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. वर्षभराच्या थेरपीची मेहनत त्यामागे होतीच. पण सुटीत ते मागे गेले नाही, पुढे आले. आणि दोन वर्षे ज्या घराची भीती वाटत होती, त्याच घरात आले.

आपण, म्हणजे समाजाने, काय करावे?

या देशाने २०१७ पासून ‘अपंग’ या शब्दाऐवजी ‘निश्चयी व्यक्ती’ अशा अर्थाचा शब्द स्वीकारला आहे. मार्च २०१९ मध्ये अबू धाबीत स्पेशल ऑलिंपिक्सचे जागतिक खेळ झाले, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. शब्द बदलले, मैदाने उघडली. आता आपल्या मंडपाकडेही बघू या. माझ्या काही सूचना आहेत. यातली एकही खर्चाची नाही.

१. उत्सवात एक तास ‘शांत दर्शना’चा ठेवावा. ढोल-ताशा नाही, माइक नाही, रांग नाही. आवाज सहन न होणारी मुले त्या वेळी बाप्पाला डोळे भरून बघतील.

२. आरतीत मुलाला काम द्यावे. टाळ वाजवणे, घंटा हलवणे, प्रसादाचे द्रोण पुढे करणे. कोणी स्टेजवर नाचलेच पाहिजे असे नाही.

३. खिरापतीत सुके खोबरे, शेंगदाणे, फुटाणे असतात. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि गिळायला त्रास असलेल्या मुलांना हे घशात अडकू शकते. त्यांच्यासाठी केळे कुस्करून किंवा मऊ शिरा ठेवावा.

४. सुटीत शेजारच्या एखाद्या कुटुंबाने आठवड्यातून दोन तास अशा घरी जाऊन बसावे. आईला अंघोळ करून, केस विंचरून, शांत चहा पिऊ द्यावा. ही मदत औषधाइतकी मोलाची आहे.

५. भावंडाला विसरू नये. “तू मोठा ना, सांभाळून घे” हे त्याने किती वेळा ऐकायचे? सुटीत रोज पंधरा मिनिटे फक्त त्याची असावीत.

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठी एक. झोप लागत नसेल, सारखे रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. ते तुमच्या कमकुवतपणाचे लक्षण नाही, थकव्याचे आहे, आणि त्यावर उपाय आहेत.

शेवटी

ही स्मरणिका हातात पडेल तेव्हा उन्हाळ्याची सुटी संपत आलेली असेल. तुमचे दोन महिने मनासारखे गेले नसतील, तर मन खाऊ देऊ नका. डिसेंबरची सुटी पुढे आहे आणि त्या वेळी इथली हवाही छान असते. आत्ताच एका कागदावर तीन कामे लिहून ठेवा. तीनच. आणि कागद कपाटात न ठेवता फ्रिजवर लावा.

आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांना एक विनंती. या वर्षी आरतीला एखादी आई मुलाला घेऊन दाराशी घुटमळताना दिसली, तर तिला “आत या ना” म्हणा आणि मुलाच्या हातात एक टाळ द्या. तो कसाही वाजला तरी आरती बिघडत नाही.

गणपती बाप्पा मोरया!

– एक फॅमिली डॉक्टर, मुसफ्फा (अबू धाबी)